चार अंश

प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला
मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारी साडेचारला,
आणि शेवडे मॅडम गोव्याला.
आत सदतीस पिशव्या,
प्रत्येकीत चमचाभर करडी माती,
दक्षिण महासागराच्या तळातून उपसलेली,
मी दहावीत होते त्या वर्षी.
त्या जहाजावर मी नव्हते.
माझ्या वाट्याला आली नळीची उरलेली अर्धी बाजू
आणि एम.एस्सी.चं दुसरं वर्ष.

तन्झिला म्हणाली, कँटीनच्या फ्रीजमध्ये ठेवू.
तिथे कोल्ड्रिंकं, पनीर, कुणाचं तरी इन्सुलिन.
मग मी बाबांना फोन लावला.

बाबा माझगावच्या बर्फ कारखान्यात, एकवीस वर्षं.
लाद्या काढतात, फोडतात, मोजतात.
मी पाहिलेला बर्फ एवढाच:
गोणपाटात गुंडाळलेला, अमोनियाच्या वासाचा,
हातगाडीवरून ठिबकत भाऊच्या धक्क्याकडे जाणारा.
हिमनग, हिमचादर, समुद्रावर तरंगणारे कडे,
हे सगळं मी शिकले
त्याच लादीला कोटींनी गुणून.

टॅक्सीत मांडीवर थर्माकोलचं खोकं.
टॅक्सीवाल्याने विचारलं, पापलेट?
मी म्हटलं, हो.

"गोठवायची नाही हं बाबा. नुसती गार. चार अंश."
"का? गोठली तर टिकेल."
"आत शिंपले आहेत, मिठाच्या दाण्याहून बारीक.
पाणी गोठून फुगलं तर फुटतील."
हे त्यांना सांगावं लागत नव्हतं,
लोखंडी साचे फुगलेले त्यांनी पाहिलेत.
"किती जुने?"
"सगळ्यात खालचे अकरा हजार वर्षांचे."
ते जरा थांबले. "म्हणजे शिळेच."
आणि मोठ्या गिऱ्हाइकाचा माल उचलतात तसं
पाठ ताठ ठेवून खोकं उचललं.

हे शिंपले गमतीचे असतात.
गार पाण्यात वाढणारे डावीकडे वळतात,
उबेतली त्यांची चुलत भावंडं उजवीकडे.
दोन वर्षं मी हेच करतेय:
तीन शून्यांचा कुंचला जिभेने ओला करायचा,
भिंगाखालून एकेक दाणा टिपायचा,
डावा, डावा, उजवा, डावा,
पिशवीमागे तीनशे,
आणि सांगायचं, तेव्हा समुद्र किती गार होता.
जिभेवर कधी कधी चव येते. खारट नसते.
आत्या विचारते, यात नोकरी कुठे असते?
गोव्यात, मी म्हणते. एखाद-दुसरी.

फ्रीजचा माणूस शनिवारी आला नाही. रविवारी येणार नव्हताच.
सोमवारी बाबांनी खोकं परत दिलं,
सोबत हिशेबाच्या वहीतलं फाडलेलं पान.
माल: माती. गाव: अंटार्क्टिका. नग: ३७. भाडं: नाही.
खाली, मी दिलेल्या थर्मामीटरवरून,
त्यांच्या उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात,
रात्री १२ – ४
२ – ५, चुरा घातला
४ – ४
६ – ४, पाणी काढलं
रविवारी त्यांची सुट्टी असते.
रविवारच्या नोंदी होत्या, बाराही.

ते पान मी प्रबंधाला जोडलं,
आलेखांच्या मागे, परिशिष्ट ड.
मॅडमनी भुवया उंचावल्या, काढायला लावलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर
पानं उलटत उलटत तिथे थांबले.
"रात्री दोनची नोंद? कोण जागं होतं?"
मी नाव सांगितलं, पूर्ण:
हरेश्वर धर्मा वैती.
त्यांनी ते पेन्सिलीने समासात लिहिलं,
वैतीतली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, ते विचारून.
मग म्हणाले, आता एकविसाव्या पिशवीकडे या,
इथे उजवे एकदम कसे वाढले?

मी घसा खाकरला.
वर पंखा फिरत होता, तोही उजवीकडे की काय,
बघायला वेळ नव्हता.